टाळी, खाली आणि सासनकाठी

चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर हलगी-पिपाणीच्या नादावर सासनकाठी नाचविणारा गडी आणि कोल्हापूरच्या देवल क्लबात मांडी घालून ख्याल ऐकणारा रसिक, या दोघांपैकी पहिला नुसता नाचतो आणि खरे ऐकतो तो दुसराच, हा निवाडा आपल्या सुशिक्षित समाजात बहुधा विनातक्रार मंजूर होतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या समजुतींची तपासणी होणे अगत्याचे आहे.

गैरसमज : संगीत हा केवळ कानाचा विषय आहे.

वस्तुस्थिती : कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर व लॉरेल ट्रेनर या विदुषींनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोठेही आघात नसलेला सहा मात्रांचा ठेका ऐकवीत सात महिन्यांच्या काही अर्भकांना दर दुसऱ्या, तर काहींना दर तिसऱ्या मात्रेवर झुलविले, आणि मागाहून तोच ठेका आघातांसह वाजविला असता, ज्या मात्रांवर आपले अंग हलले होते तेथेच आघात पडणारा ठेका ती बालके अधिक वेळ ऐकत राहिली. डोळे बांधले तरी परिणाम टिकला; दुसऱ्याला झुलताना नुसते पाहून मात्र तो झाला नाही. सहा मात्रा दोन-दोनच्या की दादऱ्यासारख्या तीन-तीनच्या, याचा फैसला अंगाने केला होता.

गैरसमज : मैफलीतील हातवारे ही निव्वळ लकब होय.

वस्तुस्थिती : त्रितालाच्या सोळा मात्रांपैकी पहिली, पाचवी व तेरावी टाळीने दाखवितात, नववी, म्हणजे खाली, पंजा उलटा करून, आवाज न करता. शाहू छत्रपतींच्या दरबारचे गवई अल्लादिया खाँ यांच्या गायकीतील लयीची वळणे घेत समेवर येणारी तान ऐकताना मांडीवर ताल धरणारा श्रोता हिशेब चुकू नये याचीच तजवीज करीत असतो.

गैरसमज : निश्चल बसलेल्याचे शरीर ऐकण्यात सामील नसते.

वस्तुस्थिती : माणूस जराही न हलता ठेका ऐकत पडला असला, तरी हालचालींची आखणी करणारे मेंदूचे भाग कार्यरत होतात, असे मेंदूच्या प्रतिमाचित्रणात आढळले आहे.

अंग हलविल्याने रागज्ञान येते, असा याचा अर्थ नव्हे. तथापि पुढच्या बैठकीत शेजाऱ्याचा हात मांडीवर पडू लागला, तर त्याच्याकडे रोखून पाहू नये. खालीला त्याचा पंजा उलटतो की नाही, एवढेच पाहावे.