'त्यात काय कळायचंय?' – अंदाज कुठे फसतो

मोहल्ल्यातला एखादा मुलगा नववीत शाळा सोडतो. लगेच निकाल लागतो, 'घरच्यांनाच तालीमची कदर नाही.' माणसाच्या वागण्याचं कारण आपल्याला न विचारताच कळतं, असं सर्वांनाच वाटतं. रोजच्या व्यवहारात हा अंदाज कामी येतो, पण हजारो माणसांबद्दल बोलताना तो फसतो.

समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी 1949 मध्ये हे मजेदार पद्धतीने दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या पाहणीवर लिहिताना त्यांनी आधी काही 'निष्कर्ष' दिले. त्यातला एक असा, की खेड्यातून आलेले सैनिक शहरी सैनिकांपेक्षा जास्त खुशीत असत. वाचणारा म्हणणार, बरोबरच आहे, खेड्यातल्या माणसाला कष्टाची सवय असते. मग त्यांनी सांगितले की खरे निष्कर्ष नेमके उलटे होते! गंमत म्हणजे उलटे आधी सांगितले असते, तर तेही पटलेच असते. शहरी माणसाला गर्दीत राहायची सवय असते, असं आपण म्हणालो असतो.

म्हणजे कारण सुचलं म्हणून ते खरं ठरत नाही.

अशा अंदाजांची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. 'मुसलमान मुलांना मदरशातच घालतात' हे वाक्य कितीतरी वर्षे पडताळणीशिवाय फिरत राहिले. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने 2006 च्या अहवालात आकडे मांडले, तेव्हा शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी फक्त 3 टक्क्यांच्या आसपास मुले मदरशात जातात असे दिसले. मग गैरसमज का झाला? समितीनेच म्हटले की लोक मकतब आणि मदरसा यांत गल्लत करतात. टोपी घालून मशिदीच्या मकतबमध्ये कुरआन शिकायला जाणारी मुले सर्वांना दिसतात. त्यातली कितीतरी मुले दिवसा शाळेत असतात, हे मात्र ध्यानात येत नाही. शिक्षण अर्धवट सुटण्यामागे गरिबी, जवळ शाळा नसणे, शिकूनही नोकरी मिळेल असा भरवसा नसणे, अशी कारणे अहवालात आली.

दुसऱ्यांनी आपल्याबद्दल असा अंदाज बांधला की आपल्याला राग येतो. पण घरात आपण तेच करतो. मार्क कमी पडले की 'मोबाईलमुळेच', सून गप्प राहिली की 'गर्विष्ठ आहे', तरुण मशिदीत दिसला नाही की 'दीनपासून दूर गेला'. कदाचित मुलाला फळ्यावरचं दिसत नसेल, तरुणाची रात्रपाळी असेल.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आणि बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. माणसाचं मन फक्त अल्लाह जाणतो. आपल्या हातात एवढंच आहे, की मत बनवण्याआधी त्या माणसाजवळ बसून विचारावं, 'बेटा, काय अडचण आहे?'