सावलीत बहरलेला बेलीझ

बेलीझच्या राष्ट्रध्वजावर माणसं आहेत. निळ्या कापडावर दोन लाकूडतोडे उभे आहेत, एकाकडे कुऱ्हाड, दुसऱ्याकडे वल्हं. त्यांच्यामागे महोगनीचं झाड आणि पायाशी लॅटिन बोधवाक्य: ‘सावलीत मी बहरतो’. भोवती पन्नास पानांची माळ आहे. 1950 मध्ये सुरू झालेल्या स्वातंत्र्यचळवळीची ती खूण. या देशाचा बराचसा इतिहास या एका चित्रात मावला आहे. समुद्र मात्र त्यात फक्त ते वल्हं आणि एक छोटं जहाज एवढ्यापुरता आहे आणि बेलीझची गोष्ट समुद्राशिवाय सांगताच येत नाही.

मध्य अमेरिकेच्या पूर्व काठावर, उत्तरेला मेक्सिको, पश्चिमेला आणि दक्षिणेला ग्वाटेमाला आणि समोर कॅरिबियन समुद्र, अशा बेचक्यात हा देश आहे. क्षेत्रफळ सुमारे 23 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपले पुणे आणि कोल्हापूर जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढंच. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. आजूबाजूला सगळीकडे स्पॅनिश आणि इथली राजभाषा इंग्रजी. 1981 च्या 21 सप्टेंबरला स्वातंत्र्य मिळण्याआधी ही ब्रिटिशांची वसाहत होती. तिचं नाव 1973 पर्यंत ‘ब्रिटिश होंडुरास’ होतं.

ब्रिटिश इथे आले ते लाकडासाठी. पहिलं लाकूड लॉगवुडचं. आपल्याकडे पतंगाच्या लाकडापासून रंग काढत, तसा या लाकडापासून काळा-जांभळा रंग निघतो. युरोपातल्या लोकरीच्या गिरण्यांना तो हवा होता. गिरण्यांची गरज सरली तरी रंग सरला नाही. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा तपासताना पेशींची केंद्रकं दिसावीत म्हणून काचपट्टीवर जो निळा-जांभळा रंग घालतात, तो याच झाडाच्या गाभ्यातून येतो. लॉगवुडचा भाव पडल्यावर महोगनीची पाळी आली. ती तोडायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. जंगलात महिनोन्‌महिने राहून झाड शोधायचं, पाडायचं, नदीत ओंडके सोडून किनाऱ्यापर्यंत न्यायचे, हे सगळं त्यांनीच केलं. बेलीझ सिटीतलं सेंट जॉन्स कॅथेड्रलही त्यांच्याच हातांनी उभं राहिलं, इंग्लंडहून जहाजांच्या तळाशी वजन म्हणून आलेल्या विटांचं. त्या गुलामांचे वंशज आज क्रिओल म्हणून ओळखले जातात आणि त्यांची क्रिओल बोली बाजारात, बसमध्ये, घराघरांत सगळ्या जमातींचे लोक बोलतात.

बेलीझ सिटी समुद्रसपाटीला टेकलेलं शहर आहे. 10 सप्टेंबर 1931 ला शहरात सण होता, स्पॅनिश आरमारावर 1798 मध्ये मिळवलेल्या विजयाचा. लोक रस्त्यावर होते आणि चक्रीवादळ येऊन धडकलं. मध्येच वारा पडला. संपलं म्हणून लोक घराबाहेर आले. ते वादळाच्या डोळ्यात उभे आहेत हे त्यांना कळलं नाही. मग समुद्र आत शिरला. दोन हजारांहून अधिक माणसं गेली. तीस वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1961 ला, ‘हॅटी’ वादळाने शहर पुन्हा मोडलं. तेव्हा सरकारने राजधानीच उचलून सुमारे ऐंशी किलोमीटर आत नेली. बेलमोपान हे नवं गाव 1970 मध्ये वसलं. बेघरांसाठी रस्त्याकडेला उभारलेली छावणी मात्र उठली नाही. तिथे आज नांदतं गाव आहे आणि त्याचं नाव हॅटीव्हिल. ज्या वादळाने घर नेलं, त्याच्याच नावाच्या गावात लोकांनी पुन्हा संसार मांडले. मला हे नाव फार बोलकं वाटतं.

एवढ्याशा देशात माणसांचे किती प्रकार! मिश्र वंशाचे मेस्तिझो, क्रिओल, माया, जर्मन बोली बोलणारे मेनोनाइट शेतकरी. हे मेनोनाइट 1958 पासून मेक्सिकोतून इथे आले आणि देशाच्या कोंबड्या-दुधाची मोठी जबाबदारी आज त्यांच्यावर आहे. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून आलेले भारतीयही आहेत. उत्तरेत कोरोझालजवळ त्यांचं ‘कलकत्ता’ नावाचं गाव आहे. भाषा केव्हाच गेली, पण त्यांच्या रस्स्याला अजून ‘ताकारी’ म्हणतात. आपली तरकारीच ती.

दक्षिणेच्या दांग्रिगा, हॉपकिन्स या किनारी गावांत गारिफुना राहतात. सेंट व्हिन्सेंट बेटावर आफ्रिकी आणि कॅरिब रक्त एकत्र येऊन ही जमात घडली. ब्रिटिशांनी 1797 मध्ये त्यांना बेटावरून हद्दपार केलं, त्यातले काही होड्यांतून इथवर पोहोचले. दरवर्षी 19 नोव्हेंबरला पहाटे ढोलांच्या गजरात, केळीची पानं आणि कसाव्याचे कंद घेऊन होड्या पुन्हा किनाऱ्याला लागतात. त्यांची ‘एरेबा’ ही भाकरी करताना पाहण्यासारखी असते. कडू कसाव्यात विष असतं. म्हणून तो किसायचा आणि ‘रुगुमा’ नावाच्या वेताच्या लांब पिशवीत दाबून भरायचा. पिशवी वर टांगायची आणि खालच्या टोकाला वजन द्यायचं. पिशवी ताणली जाते, बारीक होते आणि विषारी रस निथळून जातो. उरलेला चोथा चाळून मोठ्या तव्यावर पसरला की पापडासारखी कडक, महिनोन्‌महिने टिकणारी भाकरी होते. आपल्या साबुदाण्याचाही हाच कंद.

आता समुद्राकडे. किनाऱ्याला समांतर जवळजवळ तीनशे किलोमीटर प्रवाळाची भिंत आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफनंतर जगात सर्वांत लांब मानल्या जाणाऱ्या प्रवाळरांगेचा ती भाग आहे. खोल समुद्राची लाट या भिंतीवर फुटते आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं. शेवंड, शंख, मासे, खारफुटीतली पिल्लं, सगळं त्या आतल्या पाण्यावर जगतं आणि मासेमारही. बाहेरच्या एका कंकणद्वीपात ‘ग्रेट ब्लू होल’ आहे, सुमारे तीनशे मीटर रुंद आणि सव्वाशे मीटर खोल असा गडद निळा गोल. समुद्रसंशोधक झाक कूस्तो 1971 मध्ये त्यात उतरले. आत छतावरून लोंबणारे चुनखडीचे सुळके आहेत, जे फक्त कोरड्या गुहेतच तयार होतात. म्हणजे हिमयुगात, समुद्र खाली असताना, ही जमीन होती.

युनेस्कोने 1996 मध्ये ही भिंत जागतिक वारसा ठरवली आणि 2009 मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली. खारफुटी तोडली जात होती, बेटं विकली जात होती आणि समुद्रात तेल शोधण्याचे परवाने दिले गेले होते. लोकांनी सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या. हजारो सह्या सरकारने बाद ठरवल्या. मग कार्यकर्त्यांनी 29 फेब्रुवारी 2012 ला स्वतःच मतपेट्या मांडल्या. सुमारे 29 हजार लोकांनी मत दिलं आणि त्यातल्या 96 टक्क्यांनी समुद्रातल्या तेलाला नकार दिला. त्या मताला कायद्याचं बळ नव्हतं. पण डिसेंबर 2017 मध्ये संसदेने सागरी तेलशोधावर बंदी घातली आणि पुढच्या जूनमध्ये भिंत धोक्याच्या यादीतून बाहेर आली. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलर-जाळ्यांवर त्याआधीच, 2010 च्या अखेरीस, बंदी आली होती. पोपटमासा पकडणंही 2009 पासून बेकायदा आहे. हा मासा प्रवाळावरचं शेवाळ चरतो. तो गेला की शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतात. गरजा मोठ्या आणि तिजोरी लहान असलेल्या देशाने हे केलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

 

समुद्राचं पाणी तापू लागलं, तसा मात्र धोका कुठल्याही परवान्याविना आत आला. प्रवाळ पांढरे पडतात, मरतात. दक्षिणेला प्लासेन्सिया गावासमोर ‘लाफिंग बर्ड की’ नावाचं चिमुकलं बेट आहे. 2001 च्या ‘आयरिस’ वादळाने त्याच्या भोवतालचे प्रवाळ मोडून पडले होते. तिथे 2006 पासून जगल्या-वाचल्या प्रवाळांच्या बोटभर फांद्या आणून लावल्या जातात. गावातलीच शिकून तयार झालेली माणसं उथळ पाण्यात बुडी मारतात, मेलेल्या प्रवाळाचा एक भाग घासून स्वच्छ करतात, त्यावर सिमेंटचा ओला गोळा थापतात आणि फांदी त्यात रोवून तो घट्ट होईपर्यंत धरून ठेवतात.