पिंजारलेले केस, पार्लर आणि जट

मागच्या पावसाळ्यात कौंडण्यपूरला एका घरी मी दुसऱ्याच कामानं गेले होते. आजीबाईंचा बीपी मोजायचा होता. तो झाला, चहा आला आणि चहाबरोबर त्यांच्या नातीला माझ्यासमोर आणून बसवलं. बारावीत शिकणारी पोरगी, डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"ताई, पाय ना हिचे केस," आई म्हणाली. "बोंड फुटल्यावानी झाले. आन् मांगून तं गोळाच झाला."

ओढणी सोडली तर खरंच तसं होतं. केस मूळचेच कुरळे. त्यात टायफॉईड होऊन पोरगी तीन आठवडे अंथरुणावर. तापात डोक्याला पाणी नको, कंगवा नको, असं घरात सगळ्यांचं एकमत. मानेच्या वर लिंबाएवढा गुंता घट्ट बसलेला आणि बाकीचे केस चहूकडे पिंजारलेले. यावर दोन उपाय सुचवले गेले होते. शेजारीण म्हणाली होती, जट येऊन राह्यली, कात्री लावाल तर देवी कोपते. मामेबहीण म्हणाली होती, अमरावतीच्या पार्लरमध्ये केराटिन करून घे, पाच हजारांत केस रेशमासारखे. आई सोयाबीन विकल्यावर पैसे द्यायला तयार झाली होती. पोरगी मात्र ताप उतरून दोन आठवडे झाले तरी कॉलेजला गेली नव्हती. लोक हसतात म्हणून.

पार्लर आणि जट या दोन्हींच्या मध्ये एक साधा, स्वस्त रस्ता आहे. तो समजायला केस म्हणजे काय ते आधी पाहू.

त्वचेच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो. जिवंत असतं ते फक्त कातडीखालचं मूळ. म्हणून तर केस कापताना दुखत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन फूट लांब केसाचं टोक चार-पाच वर्षांचं जुनं असतं. तितकी वर्षं त्यानं ऊन, साबण, कंगवा आणि उशी सोसलेली असते. वरून काही लावून त्याचं 'पोषण' होत नाही, मग बाटलीवर काहीही छापलेलं असो. आपल्या हातात आहे ते त्याला आणखी झिजू न देणं.

केसाच्या बाहेरच्या बाजूला खवल्यांचा थर असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांवर कवेलू कसे एकावर एक बसवलेले असतात, अगदी तसा. कवेलू नीट बसलेले असले की केस गुळगुळीत लागतो, चमकतो. ते उचकटले की हवेतला ओलावा आत शिरतो, केस फुगतो, शेजारच्या केसाच्या खवल्यांत अडकतो. म्हणून पावसाळ्यात केस जास्त पिंजारतात. कुरळ्या केसांचं आणखी एक दुखणं असतं. टाळूतून सुटणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून खाली ओघळतं, पण वळणावळणाच्या केसावर ते टोकापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे कुरळा केस मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडा राहतो. हा दोष नाही आणि घाणेरडेपणा तर नाहीच. केसाचं मूळ ज्या आकाराचं, त्या आकाराचा केस उगवतो. आईबापाकडून जसं नाक मिळतं तसेच केस मिळतात.

हे जरा ठासून सांगते, कारण आपल्या मुलींना शाळेत या केसांवरून फार ऐकून घ्यावं लागतं. २० जुलै १९४२ ला नागपूरला आपल्या महिलांची मोठी परिषद भरली. अध्यक्षस्थानी आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. तिथं बाबासाहेबांनी बायकांना स्वच्छ राहायला शिका असं सांगितलं होतं. आपल्या आयांनी, आज्यांनी ते मनावर घेतलं. पण स्वच्छ केस आणि सरळ केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहारातल्या बुद्धमूर्तीच्या डोक्याकडे एकदा नीट पाहा. सगळे केस कुरळे आहेत.

आता पाणी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. दर्यापूर, भातकुली, तेल्हारा, अकोट भागात सून होऊन गेलेल्या मुली सांगतात, "सासरी गेल्यापासून केस राठ झाले." त्यात तथ्य असतं. आपलं गाव वर्धा नदीच्या काठावर आहे, खारपाणपट्ट्यात नाही, पण बोअरचं जड पाणी इथंही अनेक घरांत आहे. जड पाण्यातले क्षार आणि अंगाचा साबण एकत्र आले की चिकट पांढरा साका तयार होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. तो केसांवरही बसतो. शिवाय अंगाची किंवा कपड्याची वडी केसांसाठी फार तीव्र असते. तिनं कवेलू उचकटतात. म्हणून डोक्याला वडी लावू नका, कपड्याची तर मुळीच नाही. साधा रुपयाचा शाम्पू त्यापेक्षा बरा, कारण जड पाण्यात त्याचा साका होत नाही. तोही आधी मगभर पाण्यात कालवून फक्त टाळूला लावा. टोकं फेस ओघळतो त्यानंच स्वच्छ होतात. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. शेवटच्या मगात अर्ध्या लिंबाचा रस पिळून ते पाणी केसांवरून सोडा आणि साध्या पाण्यानं पुन्हा धुवा, क्षार निघतात. नुसतं लिंबू टाळूला चोळू नका, आग होते. जमलं तर पावसाचं पाणी धरून ठेवा, केस धुवायला त्याच्यासारखं पाणी नाही.

तेलाबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक, रोज थापा. दुसरं, तेल गावंढळ. दोन्ही सोडून द्या. खोबरेल तेल केसाच्या आत थोडं शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. तसं दाखवणारा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. तो खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता हेही सांगायला हवं, पण त्यातलं मोजमाप पटण्यासारखं आहे. सूर्यफुलाच्या तेलाचा तसा उपयोग दिसला नाही. म्हणून न्हाण्याच्या तासभर आधी किंवा आदल्या रात्री खोबरेल लावा आणि जास्त जोर टोकांवर द्या. डोक्यात कोंडा असेल तर टाळूला तेल नको. कोंडा वाढवणारी बुरशी त्या तेलावरच पोसते.

धुतल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसणं आणि तो डोक्यावर पिळून बांधणं, पिंजारण्याचं अर्धं कारण हेच. जुनं सुती लुगडं किंवा टी-शर्ट घेऊन केस नुसते दाबून पाणी टिपा. कुरळे केस अर्धे ओले असतानाच विंचरायचे, रुंद दातांच्या कंगव्यानं आणि टोकाकडून मुळाकडे. आधी खालचा चार बोटं भाग सोडवा, मग वरचा. आपण उलटं करतो. मुळापासून ओढत खाली येतो, सगळे गुंते एका ठिकाणी गोळा करतो आणि मग कचकन तोडतो. उवांची बारीक फणी कोरड्या कुरळ्या केसांत घालू नका, आधी तेल लावून ओला करा. रात्री सैल वेणी घाला आणि उशीवर जुन्या गुळगुळीत साडीचा तुकडा टाका. सुती अभ्र्यावर केस घासून घासून राठ होतात.

आणि जवस. आपल्या वऱ्हाडात चटणीसाठी घरोघरी असतो. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागलं की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. थंड झाल्यावर गाळणार म्हणाल तर फडकं फाटेल, पण थेंब उतरणार नाही. मी एकदा ते करून बसले आहे. हा चिकट रस ओल्या केसांवर हातानं फिरवला की त्याचा पातळ पापुद्रा बसतो, ओलावा आत-बाहेर कमी होतो आणि कुरळे केस कुरळेच, पण जागेवर राहतात. बाजारातल्या जेलचं कामही हेच.

आता पार्लर. केस सरळ करायचं मशीन १८० ते २३० अंशांपर्यंत तापतं. ओल्या केसांवर ते फिरवलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केस आतून फुटतो. त्याहून मोठी भीती 'केराटिन', 'स्मूदनिंग' अशा नावांच्या रसायनांची. त्यातल्या अनेकांतून फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. नर्सिंग शिकलेल्या कोणालाही तो वास ओळखू येईल. अवयव टिकवायला ज्या फॉर्मालिनमध्ये ठेवतात, त्यातलंच हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. डोळे चुरचुरले, घसा धरला तर ते 'औषध लागू पडतंय' नव्हे, विष श्वासात जातंय. आणि गिऱ्हाईक वर्षातून दोनदा जाते, ते लावणारी पोरगी रोज बंद खोलीत तो वास घेते. तिचा विचार कोणी करत नाही. 'फॉर्मल्डिहाइड फ्री' लिहिलेल्या काही बाटल्यांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं. ते लावल्यावर मूत्रपिंडावर अचानक ताण आलेल्या महिलांच्या नोंदी इस्रायल आणि फ्रान्सच्या डॉक्टरांनी अलीकडेच प्रसिद्ध केल्या आहेत. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक महिलांवर सुमारे अकरा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. केस सरळ करणारी रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसलं. रसायनानंच झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, पण मी माझ्या मुलीला हे करू देणार नाही. ही रसायनं तिथं सर्वात जास्त वापरतात काळ्या महिला, कारण त्यांच्या केसांना शाळेत आणि नोकरीत नावं ठेवली जातात. त्याविरुद्ध कॅलिफोर्निया राज्यानं २०१९ मध्ये 'क्राउन अॅक्ट' नावाचा कायदा केला. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करणं तिथं आता बेकायदेशीर आहे.

राहिली जट. न विंचरलेले केस, घाम, तेल, धूळ आणि कधी उवा, एवढ्यावरच जट होते. बाळंतपणात, लांबलेल्या आजारात, सुतकात केसांना हात न लावल्यानं सुरुवात होते. कुरळ्या केसांत तर आठवडाभरात. मग कोणीतरी 'देवीचं आहे' म्हणतं, हळदकुंकू लागतं आणि पुढची वीस वर्षं ती बाई ते ओझं डोक्यावर वागवते. मान दुखते, झोप येत नाही, आत जखमा होतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो महिलांना समजावून त्यांची जट कापली आहे. त्या स्वतः आधी ब्युटी पार्लर चालवायच्या. कात्री तीच, काम वेगळं. जट कापलेल्या बायकांचं काही वाईट झालं नाही, मान हलकी झाली एवढंच.

त्या पोरीचा गुंता मात्र सगळा कापावा लागला नाही. खोबरेल मुरवलं, बोटांनी कडेकडेनं सोडवलं. मधला घट्ट भाग कात्रीनं आडवा न कापता केसांच्या दिशेनं उभा दोन-तीन ठिकाणी चिरला, म्हणजे केस कमी जातात. दोन संध्याकाळी गेल्या. शेजारीण दारात उभी राहून पाहत होती, दुसऱ्या दिवशी तिनंच दिवा जवळ धरला. आईला मी दोन गोष्टी सांगून ठेवल्या. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळतात, घाबरू नका, बहुतेक वेळा सहा महिन्यांत थांबतात. आणि हिचं हिमोग्लोबिन तपासा. केस एकदम राठ झाले, सोबत थकवा, पाळी अनियमित, वजन वाढणं असं काही असेल तर थायरॉईडही तपासायला सांगा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी खिडकीतून फेकतात, हेही मला ठाऊक आहे. मेळघाटात लहान मुलांचे केस विरळ, तांबूस आणि सहज उपटणारे दिसले की आम्ही तेल सांगत नव्हतो, आधी वजन करत होतो.

हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. गोळ्या सुरू झाल्या, सोयाबीनच्या पैशातून कॉलेजची फी गेली. कार्तिकाच्या यात्रेत ती मला बांगड्यांच्या दुकानापाशी भेटली, केस मोकळे, कुरळे आणि थोडे फुगलेलेच. तिनं एकच विचारलं, "ताई, जवसाचं पाणी फ्रीज नसलं तं किती दिवस टिकते?" म्हटलं, दुसऱ्या दिवशी संपव, वास आला की फेकून दे.