लहान हरणासाठी केवढी गोळी?



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यावरील १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद केली, तेथे हरणावर कोणती गोळी झाडावी याची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः जन्मात बंदूक झाडलेली नाही, आणि आज येथून कोणी शिकारी होऊन घरी जावा अशी माझी इच्छाही नाही. परंतु काही वर्षे मी काडतुसे बनविणाऱ्या कामगारांत संघटनेचे काम केले. गोळ्यांचे वजन तपासणारा तेथला एक वयस्क कामगार मला एकदा म्हणाला, "भाऊ, हिचं वजन आम्ही दिवसभर करतो. इतकंच का आणि जास्त का नको, ते कुणी सांगत नाही." त्याला उत्तर द्यावे म्हणून वाचू लागलो. कारखान्याचे कायदे वाचता वाचताच इंग्रजी शिकलेला मी माणूस. त्यामुळे मिळेल तेथून कायदाच धुंडाळतो. असा मी इंग्लंडच्या हरिणविषयक कायद्यापाशी येऊन पोचलो.

तिकडची परिस्थिती आधी सांगतो. ब्रिटनमधून लांडगा आणि लिंक्स हे हरणांचे वैरी केव्हाच नाहीसे झाले. हरणे मात्र राहिली, वाढली, आणि कोवळी झाडे खाऊन रानाचा तळ उजाड करू लागली. त्यांत तीन जाती अंगाने लहान. एक तेथले मूळचे रो हरिण, पंचवीस किलोच्या आतबाहेर. दुसरे चिनी पाणहरिण. तिसरे मुंटजॅक, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचे चिनी भावंड. विसाव्या शतकाच्या आरंभी बेडफर्डच्या ड्यूकच्या वोबर्न येथील उद्यानातून ते बाहेर पसरले. उंची जेमतेम गुडघ्याएवढी, वजन दहा ते अठरा किलो. या हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम पगारी माणसेही करतात. त्यांना हा खेळ नव्हे, पोटाचा धंदा आहे.

मारणे ठरलेच, तर ते कशाने? १९६३ पर्यंत इंग्लंडात याला कायद्याचे उत्तर नव्हते. हाका घालून छऱ्यांच्या बंदुकीने रो हरणे टिपण्याची रीत अनेक ठिकाणी होती. छरे लांबवर पसरतात, कातडीत रुततात, आणि जनावर ते अंगात घेऊन पळते. कोठे तरी झुडपात दोन-चार दिवसांनी मरते. १९६३ च्या कायद्याने रायफलीची किमान मर्यादा घातली, आणि ती १९९१ च्या कायद्यात पुढे आली. नळीचा व्यास ०.२४० इंचापेक्षा, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरपेक्षा, कमी नको. आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा १,७०० फूट-पौंडांपेक्षा कमी नको. २००७ साली मुंटजॅक आणि पाणहरिण यांच्यापुरती ही अट सैल केली: व्यास ०.२२०, ऊर्जा १,०००, गोळीचे वजन किमान ५० ग्रेन.

ही मापे डोळ्यांसमोर आणू या. ग्रेन हे आपल्या सराफांना परके नाही. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनांचा ठरविला होता. तेव्हा ५० ग्रेनांची गोळी म्हणजे पाव तोळ्याहून किंचित जास्त. आता फूट-पौंड. हमाल पन्नास किलोचे पोते जमिनीवरून सुमारे पावणेतीन मीटर वर चढवील, तेव्हा १,००० फूट-पौंडांचे काम होते. पाव तोळ्याच्या धातूत एवढे काम येते ते वेगामुळे. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. उलट, ससे मारण्याची जी साधी पॉइंट बावीस रायफल, तिची गोळी तेच पोते सव्वा फुटापलीकडे उचलीत नाही. हरणावर ती झाडणारा नेम चुकला नाही तरी गुन्हेगारच.

परंतु ऊर्जा नुसती असून भागत नाही. ती जनावराच्या छातीत खर्च झाली पाहिजे. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे, तिचा एक धागा आपल्या देशात आहे. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत इंग्रज सैनिकांनी तक्रार केली की, नव्या रायफलीची तांबे-निकेलच्या कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाते आणि माणूस पुढे येतच राहतो. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोक उघडे ठेवलेली गोळी बनविली. ती शरीरात शिरताच फुलते आणि भयंकर जखम करते. जगभर ओरड झाली. १८९९ मध्ये हेग येथे राष्ट्रांनी युद्धात अशी गोळी वापरू नये असे ठरविले. ब्रिटनने ते १९०७ मध्ये मानले. आता गंमत पाहा. युद्धात जी गोळी क्रूर म्हणून वर्ज्य, तीच हरणासाठी इंग्लंडचा कायदा सक्तीची करतो! गोळी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची असलीच पाहिजे.

दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. सैनिक जखमी झाला तर त्याला उचलून नेणारे, मलमपट्टी करणारे कोणी तरी असते, निदान असावे अशी अपेक्षा असते. हरणाला इस्पितळ नाही. कवचाची गोळी त्याच्या फुप्फुसातून पेन्सिलीएवढे भोक पाडून गेली, तर ते मैलभर पळून सावकाश मरेल. फुललेल्या गोळीने फुप्फुसे फाटली की रक्तदाब क्षणात कोसळतो आणि ते काही पावलांत पडते. माझ्या त्या कामगार मित्राचा प्रश्न येथे सुटला. त्याच्या तराजूतली कवचाची गोळी फौजेची होती, हरणाची नव्हती.

आता आकड्यांची भानगड. सीमेपलीकडे स्कॉटलंडात १९८५ च्या आदेशाप्रमाणे त्याच रो हरणाला ५० ग्रेनांची गोळी, सेकंदाला २,४५० फूट वेग आणि १,००० फूट-पौंड पुरतात. म्हणजे पॉइंट २२३ ची रायफल तेथे कायदेशीर, आणि दक्षिणेला ओढा ओलांडला की बेकायदेशीर. हरणाची कातडी सीमेवर जाड होत नाही! जर्मन कायदा आणखी निराळा. रो हरणासाठी तो १,००० जूल ऊर्जा मागतो, पण मोजतो शंभर मीटरवर, म्हणजे साधारण हरीण उभे असते तेथे. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. पगार किती, हे पाकिटावरच्या आकड्याने ठरत नाही. बाजारात त्याचे धान्य किती येते, यावर ठरते. हे आम्ही मालकांना वर्षानुवर्षे सांगत आलो. नळीच्या तोंडची ऊर्जा हा पाकिटावरचा आकडा होय.

इंग्लंडच्या नियमालाही फट आहेच. पॉइंट २४३ हे १९५५ साली बाजारात आलेले काडतूस रो हरणासाठी फार लोकप्रिय. त्यात शंभर ग्रेनांची गोळी घातली तर १,९०० फूट-पौंडांवर ऊर्जा मिळते, आणि ती खोलवर जाते. परंतु त्याच काडतुसात कोल्ह्यांसाठी केलेली ५८ ग्रेनांची हलकी गोळीही मिळते. तिचा वेग सेकंदाला ३,७५० फूट, त्यामुळे हिशेबात तीही १,८०० च्या वर जाते आणि कायद्याच्या अक्षरात बसते. प्रत्यक्षात ती खांद्याच्या हाडावर आपटून वरच्या वर फुटण्याची भीती, आणि मग हरीण तीन पायांवर पळते. यंत्राला जाळी लावा म्हटले की, निरीक्षक येण्याच्या दिवशी सुतळीने बांधलेली जाळी लावणारा एक मालक मी पाहिला आहे. जाळी होती, नाही कशी म्हणणार?

मग निवड कशी करावी? माझ्या वाचनाप्रमाणे उत्तर असे की, आपल्या उत्तम नेमाच्या हिशेबाने करू नये. थंडीत बोटे आखडली आहेत, वारा आडवा आहे, हरणाने ऐन वेळी पाऊल टाकले आहे, अशा वेळच्या नेमाच्या हिशेबाने करावी. मुंटजॅकला चांगल्या निशाणबाजाच्या हाती पॉइंट २२३ चालते. पण रो आणि मुंटजॅक दोन्हींसाठी एकच रायफल ठेवणाऱ्याने २४३ घ्यावी आणि भारी गोळी वापरावी. त्याहून मोठी, उदाहरणार्थ पॉइंट ३०८, घेतली तर हरणाचे नुकसान नाही, परंतु धक्का जोराचा बसतो. धक्क्याला बिचकणारा माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि मग मोठ्या नळीने केलेली चूकही मोठीच होते. शंभर मीटरवर दहा सेंटीमीटरच्या वर्तुळात सातत्याने गोळ्या बसत नसतील, तर काडतूस बदलून उपयोग नाही.

अलीकडे यात तांब्याचा प्रश्न आला आहे. शिशाचे कण मांसात राहतात आणि मेलेले जनावर खाणाऱ्या पक्ष्यांना विषबाधा होते, म्हणून डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलीच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या. तांबे शिशापेक्षा हलके. त्याच आकाराच्या गोळीचे वजन कमी भरते. म्हणून स्कॉटलंडला २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठीची १०० ग्रेनांची अट ८० वर आणावी लागली.

माझे एक वृद्ध स्नेही, माळकरी, मला म्हणाले, "मारायचंच, तर मोजून मारलं काय आणि न मोजता मारलं काय?" त्यांच्याशी मी वाद घातला नाही; न मारणे त्यांनी आयुष्यभर पाळले आहे. मात्र आमच्या चळवळीत हात तोडणारी यंत्रे बंद होण्याची वाट पाहत आम्ही बसलो नाही. जाळी मागितली, तिच्या भोकाचे माप मागितले. ते माप कागदावर आले तेव्हा कुठे भांडता आले.

आणि जेथे माप संपते, ती जागाही सांगतो. मुंटजॅकची मादी वर्षभर केव्हाही विते, तिला बंदीचा हंगाम नाही. तिला मारले आणि तिचे पाडस झुडपात असले, तर ते उपाशी मरते. त्याला कोणतेही कॅलिबर वाचवीत नाही. म्हणून जाणते लोक अगदी तरुण किंवा उघड पोटुशी दिसणारी मादीच टिपतात, कारण तिच्यामागे दूधपिते पाडस असण्याचा संभव कमी. हे ऐकायला कठोर वाटते. मलाही वाटले.

गोळी सुटल्यावर हरीण पळाले, तर त्यामागे लगेच धावत नाहीत. दुसरे काडतूस भरून तेथेच थांबतात, कारण पाठलाग झाला नाही तर घायाळ जनावर जवळच बसते. मग ते उभे होते ती जागा पाहतात. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस लागले; जवळच सापडेल. रक्त काळसर असेल तर यकृत. रक्तात चघळलेला हिरवा पाला मिसळला असेल, तर गोळी पोटात गेली आहे. तेव्हा अधिक वेळ थांबतात, माग काढणारा कुत्रा आणवतात, आणि अंधार पडला तरी शोध सोडीत नाहीत.