टी पेशींची नुसती मोजणी पुरत नाही

तान्ह्या बाळाला पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो, जुलाब हटत नाहीत, तोंडातली पांढरी बुरशी जात नाही. अशा वेळी ‘प्रतिकारशक्ती कमी आहे, वाढवायचं औषध द्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, वारंगा फाट्यासारख्या छोट्या ठिकाणीही आणि मुंबईतही. त्यामागे दोन समज असतात. प्रतिकारशक्ती ही कमीजास्त होणारी एकच गोष्ट आहे आणि रक्तात पेशी दिसल्या की ती शाबूत आहे. दोन्ही चुकीचे आहेत. संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशींचेच घ्या. कोणत्याही जंतूशी अजून गाठ न पडलेल्या टी पेशी नवख्या; जुन्या संसर्गाची किंवा लशीची आठवण ठेवणाऱ्या त्या स्मृती पेशी. नवजात बाळात जवळपास सगळ्या नवख्याच असतात. पेशींना जगवणारे आणि वाढवणारे निरोप म्हणजे सायटोकाइन; इंटरल्यूकिन हे त्यांतलेच. पण तो निरोप घेणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, पेशीवर असेल तरच उपयोग. नवख्या पेशी इंटरल्यूकिन-७ च्या ग्राहीवर तगून राहतात. सीडी८ प्रकारच्या स्मृती टी पेशींवर इंटरल्यूकिन-१५ चा निरोप घेणारी सीडी१२२ ही साखळी जास्त असते. इंटरल्यूकिन-६ चा ग्राही मात्र नवख्या पेशींवर ठळक आणि पूर्ण तयार झालेल्या स्मृती पेशींवर बराच कमी.

हा तपशील केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. इंटरल्यूकिन-७ च्या ग्राहीत जनुकीय दोष असला तर बाळात टी पेशी तयारच होत नाहीत. इंटरल्यूकिन-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहांच्या ग्राहींत एक साखळी सामायिक आहे. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो दोष प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो. या जनुकातला दोष १९९३ साली उलगडला. कोणी म्हणेल, अहवालात टी पेशी दिसल्या म्हणजे बाळात असा ग्राहीचा दोष नाही. तसे नाही. गर्भात आईच्या टी पेशी बाळात उतरून तिथेच टिकू शकतात आणि त्या बहुतेक स्मृती प्रकारच्या असतात. म्हणून एकूण आकडा फसवतो; नवख्या पेशी किती, हे वेगळे मोजावे लागते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या तंत्राने, अशा तपासण्या होतात. त्याआधीही साध्या रक्ततपासणीतून इशारा मिळतो: लिम्फोसाइटची (टी पेशी त्यांतल्याच) दर मायक्रोलिटर रक्तात २००० ही संख्या मोठ्या माणसात ठीक, तान्ह्या बाळात काळजीची.

मग सायटोकाइनच भरपूर द्यावे, असा आक्षेप येईल. इंटरल्यूकिन-२ मोठ्या मात्रेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर दिले जाते, अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याने रक्तवाहिन्या गळू लागतात आणि रक्तदाब कोसळतो. उलट, २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्रात ज्यासाठी धावपळ झाली ते टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ चा ग्राही अडवते, आणि गंभीर कोविड रुग्णांतले मृत्यू त्याने कमी झाल्याचे मोठ्या चाचणीत दिसले. म्हणजे निरोप वाढवणे नेहमी हिताचे नसते. आणि ज्या बाळाचा ग्राहीच सदोष आहे, त्याला टॉनिक काहीच देऊ शकत नाही. त्याला लवकर निदान आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण हवे, पहिल्या काही महिन्यांत झाले तर सर्वांत चांगले.

बीसीजी ही जिवंत जंतूंची लस जन्मतःच दिली जाते. ती जवळपास सर्व बाळांसाठी सुरक्षित आणि गरजेची आहे, ती टाळू नका. पण असा दोष असलेल्या बाळाला तिचे जिवंत जंतूच धोक्याचे ठरू शकतात. म्हणून घरात आधीचे मूल वारंवार संसर्ग होऊन तान्हेपणीच दगावले असेल, तर लस देण्यापूर्वी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.