पांढऱ्या माशीला बुरशीचा उतारा

“अगं, काकडी नीट धुऊन घे, आणि सालही काढ बरं का. परवाच फवारलंय.”

थोरल्या जाऊबाईंनी हे सांगितलं आणि कोशिंबीर करायला बसलेली मी तशीच थांबले. काकडी घरची. नारायणगावजवळच्या त्यांच्या दहा गुंठ्यांच्या हरितगृहातली. प्लॅस्टिकच्या छपराखाली दोरीवर चढवलेले वेल, हिरवीगार, कोवळी काकडी. शहरात आपण जी सालासकट खातो तीच ही. आणि ती पिकवणारी बाईच म्हणत होती, साल काढ!

जाऊबाईंचा तरी काय इलाज? त्यांच्या वेलांवर पांढरी माशी पडली होती. वेल हलवला की पिठाची चाळण झटकावी तसा पांढरा ढग उठे. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये. पण लागत्या वेलाची काकडी एक दिवसाआड तोडावीच लागते. चार दिवस थांबलं तर ती जून होते, मग बाजारात तिला कोण विचारतो? तोडणीला बायकाच. बंद घरात, त्याच ओल्या पानांत हात घालायचा. एकदा तोडणी करताना जाऊबाईंना गरगरलं, उलट्या झाल्या, तेव्हा कुठे घरातली माणसं दुसऱ्या उपायाच्या शोधाला लागली.

तो उपाय म्हणजे बुरशी. ऐकून मीही नाक मुरडलं होतं. बुरशी म्हटलं की आपल्याला लोणच्यावरची पांढरी साय आठवते! पण ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कारण पांढरी माशी आपल्या गॅलरीतल्या जास्वंदीवर, वांग्या-टोमॅटोवरही येते.

ही माशी आहे तरी कशी?

खरं तर ही माशी नव्हेच. मावा-तुडतुड्यांच्या गोतातला हा कीटक, जेमतेम दीड मिलिमीटरचा. मादी पानाच्या खालच्या बाजूला शंभरावर अंडी घालते. पिल्लं थोडी रांगतात आणि मग एका जागी खवल्यासारखी चिकटून रस शोषत बसतात. उबदार हवेत अंड्यापासून माशीपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. ती अंगातून गोड चिकट पाणी सोडते, त्यावर काजळी धरते आणि पानं काळी पडतात. शिवाय भेंडीचा हळद्या किंवा टोमॅटोची पानं आकसवणारा रोग, हे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचं काम हीच करते.

हरितगृहात तर तिचं माहेरच. पाऊस नाही, वारा नाही, तिला खाणारे कीटक आत येत नाहीत. औषध मारलं की दुबळ्या माश्या मरतात, चिवट उरतात, आणि पुढची पिढी त्या चिवटांची निपजते. मग औषध आणखी कडक. हे दुष्टचक्र कुठवर जातं ते आपण पाहिलं आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले.

विरजणासारखं औषध

बुरशीचं औषध पुडीत मिळतं. पांढरट भुकटी असते. पण हे विष नव्हे, जिवंत विरजण आहे. भुकटीत बुरशीची अगदी सूक्ष्म बीजं असतात. ती पिल्लाच्या पाठीवर पडली आणि ओल मिळाली की रुजतात. कीटकाचं कातडं विरघळवणारे रस सोडून आत शिरतात आणि आतलं खाऊन वाढतात. चार-सहा दिवसांत कीटक मरतो. हवेत ओल असली तर मेलेल्या अंगातून पांढरा कापूस फुटतो आणि त्यातून नवी बीजं तयार होतात.

यातली गंमत लक्षात घ्या. पानं कुरतडणाऱ्या अळीला पानावरून औषध चारता येतं. पांढरी माशी सोंड खुपसून आतला रस पिते, पानावरचं ती खात नाही. बुरशीला मात्र पोटातून जावंच लागत नाही, ती कातड्यातूनच शिरते.

कीटकाला बुरशीचा रोग होतो, हे कळायला एका माणसाची पंचवीस वर्षं गेली. इटलीतल्या लोदीजवळच्या अगोस्तिनो बास्सी यांनी रेशमाच्या किड्यांना मारणाऱ्या पांढऱ्या रोगाचं मूळ शोधलं आणि 1835 मध्ये ते जगापुढे मांडलं. त्यांच्या नावावरून त्या बुरशीला ‘बिव्हेरिया बॅसियाना’ म्हणतात. जी रेशीमवाल्यांची वैरीण, ती शेतकऱ्याची मैत्रीण झाली!

दुसरी बुरशी ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’. शास्त्रज्ञांनी पुढे हिचं नाव बदलून ‘लेकॅनिसिलियम’ केलं, म्हणून पुडीवर कधी हे नाव, कधी ते. गोंधळू नका. कॉफीच्या झाडावरच्या खवले किडीवर ही आपोआप वाढते. इंग्लंडमध्ये लिटलहॅम्प्टन इथल्या काचघर-पिकांच्या संशोधन संस्थेत रिचर्ड हॉल यांनी तिच्यावर काम केलं आणि 1980 नंतर लवकरच ती मावा आणि पांढऱ्या माशीसाठी बाजारात आली. तिथे शेवंतीवर ती फार गुणकारी ठरली. का, ते पाहा. शेवंतीला कळ्या धरायला लांब रात्र लागते, म्हणून माळी संध्याकाळीच ताटव्यांवर काळं प्लॅस्टिक ओढत. त्या पडद्याखाली रात्रभर दमटपणा राही आणि बुरशीला हवी ती ओल आयती मिळे.

तिकडच्या काचघरातली माशी आणि आपल्याकडे बहुधा आढळणारी माशी, या जाती वेगळ्या. आपली तीच, जी कपाशीवर नि तंबाखूवर येते. पण सवयी सारख्या, आणि उताराही सारखाच.

जाऊबाईंच्या दोन चुका

पहिल्या वेळी जाऊबाईंची बुरशी सपशेल फसली. त्यांनी ती मार्चमध्ये, भर दुपारी फवारली. आत भट्टी तापलेली. बीजं पानावरच वाळून गेली. वर तिसऱ्या दिवशी वेलावर भुरी दिसली, म्हणून बुरशीनाशक मारलं. म्हणजे आपणच विरजण लावायचं आणि आपणच त्यात उकळतं पाणी ओतायचं! “पैसे पाण्यात गेले,” म्हणून भावजी चिडले. त्यांचा राग वावगा नव्हता. पण चूक पुडीची नव्हती.

श्रावणात नव्या वेलांवर त्यांनी पुन्हा धरलं, या वेळी माशी थोडी असतानाच. ऊन कलल्यावर, पानांच्या खालून फवारणी. रात्री बाजूचे पडदे खाली, सकाळी लवकर वर. कारण दिवसभर दमट ठेवलं तर वेलाला त्याचेच रोग लागतात. आठ दिवसांनी पुन्हा, आणखी आठ दिवसांनी पुन्हा. पहिले पाच दिवस काहीच दिसेना. सहाव्या दिवशी जाऊबाईंनी पान उलटून दाखवलं. खवल्यांसारख्या पिल्लांवर कापसाचे बारीक ठिपके फुटले होते.

माशी पार गेली का? नाही. पण वेल हलवला तर ढग उठत नव्हता, चार-दोन माश्या उडत. वेल लागता राहिला. आणि विषारी फवारणीची गरज त्या हंगामात पडली नाही.

आपल्या गॅलरीत

दहा गुंठे नसोत, दहा कुंड्या तर असतात. मग हे करून पाहा.

आधी खात्री करा. पान उलटून पाहा. फार माखलेली पानं तोडून पिशवीत बांधून टाका. मग पिवळा सापळा लावा. पिवळ्या रंगाला ही माशी भुलते. जुन्या डब्याच्या झाकणाला पिवळा रंग देऊन वर एरंडेल चोपडा आणि झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगा.

पुडी कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विद्यापीठात किंवा खात्रीच्या दुकानात घ्या. तिच्यावर नोंदणी क्रमांक आणि वापरायची मुदत पाहा. दुकानात उन्हात ठेवलेली पुडी घेऊ नका. दही लावताना आपण जुनं आंबट विरजण घेतो का? घरी ती थंड, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

प्रमाण पुडीवर असेल तेच धरा. भुकटीचं बहुधा लिटरला 5 ग्रॅम असतं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. कालवलेलं पाणी त्याच संध्याकाळी संपवा. फवारा पानाच्या खालून, पान ओलं होईस्तोवर. सात-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा. एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात हा खटाटोप करू नका. पावसाळा आणि त्यानंतरचे दिवस उत्तम.

एवढं सांभाळा

बुरशीनाशक, गंधकाची भुकटी, मोरचूद यांच्यात आणि या बुरशीत आठ-दहा दिवसांचं अंतर हवं. फवारताना नाकातोंडाला फडकं, हातात मोजे हवेतच. विष नसलं तरी ती भुकटी आहे. घरात दम्याचं किंवा फार अशक्त माणूस असेल तर त्यांना लांब ठेवा. भाजी नेहमीसारखी धुवाच. फुलांवर मधमाश्या असताना फवारू नका. आणि ज्यांच्या घरी तुती नि रेशमाचे किडे आहेत, त्यांनी बिव्हेरियाच्या वाटेला जाऊच नये. बास्सींनी शोधलेला रोग तो हाच!

मैत्रिणींनो, विषाला आपण घाईने मारायला सांगतो आणि ते मारतंही. बुरशी घाई करत नाही. तिला वेळ, ओल आणि थोडी माया लागते. दूध विरजून रात्रभर वाट पाहणाऱ्या बाईला हे का नव्याने शिकवायला हवं?

परवा जाऊबाईंकडून पुन्हा काकड्या आल्या. सोबत निरोप होता, “नुसत्या धुऊन घे गं. सालं नको काढूस.”