भरवसा वचनाचा, घाम आपला

३१ डिसेंबरच्या रात्री अनेक ख्रिस्ती मंदिरांत जुन्या वर्षाला निरोप देणारी उपासना होते. प्रार्थना संपते, एकमेकांना शुभेच्छा दिल्या जातात आणि मग काही मंडळ्यांमध्ये एक ताट फिरते. त्यात लहान लहान चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातले एक वचन. ज्याच्या हाती जे येईल, ते त्याचे वर्षभराचे वचन. घरी आल्यावर कुणी ते आरशाच्या चौकटीत खोचते, कुणी शास्त्राच्या पानांत जपून ठेवते.

मग जानेवारी सुरू होतो. मुलाची फी भरायची असते. आईचे ऑपरेशन पुढे ढकलून चालणार नसते. कारखान्यात माणसे कमी करणार, अशी कुजबुज कानावर येते. केस विंचरताना आरशातले वचन रोज डोळ्यांसमोर असते. पण त्या वचनावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? हात जोडून वाट पाहायची, की हातपाय हलवायचे?

चिठ्ठीबाहेरचा मजकूर

या चिठ्ठ्यांमध्ये यिर्मयाच्या पुस्तकातले एक वचन हमखास सापडते. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचेच विचार आहेत, पुढचे दिवस आशेचे आहेत, असा त्याचा आशय. ऐकूनच मनाला उभारी येते. पण हे वचन मुळात एका पत्रातले आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

यरुशलेममधून कैद करून बाबेलला नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने ते पत्र लिहिले होते. त्याच सुमारास हनन्या नावाचा एक जण छातीठोकपणे सांगत होता, की दोन वर्षांत सारे पूर्वीसारखे होईल. लोकांना तेच ऐकायला हवे होते. यिर्मयाने मात्र कळवले, की सत्तर वर्षे लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या कित्येकांना तो दिवस दिसणारच नव्हता! तोवर काय करायचे, तेही पत्रातच होते. घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात राहता त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

चिठ्ठीवर आशा तेवढी येते. सत्तर वर्षे आणि बागेची मशागत मागेच राहते. म्हणून हाती आलेल्या वचनाचा पूर्ण अध्याय आधी वाचावा. ते कुणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले हे कळले, की त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावण्याचा मोह आवरतो.

केडगावची बाग

या भरवशाचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतलेच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. त्याला अमेरिकेतल्या हितचिंतकांची मदत होती, पण ती दहा वर्षांपुरती. मुदत संपल्यावर काय, ही चिंता होतीच.

त्या काळात रमाबाईंनी जॉर्ज म्युलर यांची हकिगत वाचली. म्युलर यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८३६ साली अनाथ मुलांसाठी पहिले घर उघडले. आपली गरज माणसांपुढे मांडायची नाही, देवालाच सांगायची, असा त्यांचा नेम. १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर दहा हजारांहून अधिक मुले त्यांच्या आश्रयाला येऊन गेली होती. मात्र आलेल्या पैशाचा हिशेब ते नियमाने छापून प्रसिद्ध करत. भरवसा देवावर, पण वही चोख! असा विश्वास हिंदुस्थानातही ठेवता येईल का, असा प्रश्न रमाबाईंच्या मनात उभा राहिला.

त्यांनी प्रार्थना केली आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला जमीनही घेतली. फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, हा विचार त्यामागे होता. विहिरी खणल्या, झाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्याच बाईंचे ‘मुक्ती’ हे घर केडगावला उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांवर माणसे होती. त्यांना शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवली गेली. वचनावर भिस्त ठेवणाऱ्या त्या घरात रिकामे हात मात्र नव्हते.

प्रार्थनाही आणि औषधही

आपल्या घरांत नेमकी इथेच गल्लत होते. देव बरे करील, या विश्वासाने कुणी मधुमेहाच्या गोळ्या बंद करतो. देव पुरवील, म्हणून कुणी ऐपत नसताना लग्नासाठी कर्ज काढतो. हा भरवसा नव्हे, देवाची परीक्षा पाहणे झाले. येशूने आकाशातल्या पाखरांचा दाखला दिला खरा, पण पाखरेही पहाटे घरट्याबाहेर पडतातच.

दुसरी चूक म्हणजे अडचण एकट्यानेच सोसणे. देव गरज भागवील, असे पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिले, तेव्हा तो स्वतः कैदेत होता. त्याची गरज त्याच मंडळीने माणसाहाती भेट पाठवून भागवली होती. देवाची मदत पुष्कळदा शेजारच्या बाकावर बसणाऱ्याच्या हातून येते. तेव्हा पाळकांना, जवळच्या कुटुंबाला अडचण सांगण्यात कमीपणा कसला? आणि दुसऱ्याच्या अडचणीत नुसते ‘प्रार्थना करतो’ म्हणून हात झटकू नयेत. त्याच्या घरच्या वचनाची पूर्तता कदाचित आपल्या हातून व्हायची असेल.

उत्तर मिळाले नाही तर?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. प्रार्थना करूनही माणूस जातो, नोकरी सुटते. रमाबाईंनाही हे चुकले नाही. पुढचे काम जिच्या हाती सोपवायचे, ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा आजारी होत्या, थकल्या होत्या. बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे, कित्येक वर्षे चाललेले काम मात्र त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. छापून पूर्ण झालेला ग्रंथ पाहायला त्या नव्हत्या. मुक्ती मिशनचे काम आजही सुरू आहे.

दुःख होणारच नाही, असे वचन शास्त्रात कुठे नाही. दुःखात देव सोडून जाणार नाही, एवढेच आहे. ज्या घराने हा फरक ओळखला, ते वाईट बातमीने रडते, पण मोडत नाही. त्या घरात संध्याकाळची प्रार्थना होते, सकाळचा डबा भरला जातो, फीसाठीच्या अर्जावर सही होते. आरशातली चिठ्ठी वर्षभरात पिवळी पडते. ती बदलण्याआधी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवावे, की या वर्षी कोणती मदत कुणाच्या हातून आली. पुढच्या कठीण जानेवारीत ते वाचायला उपयोगी पडेल.